नकाशात राहिलेली रेघ

ओसोकिर्का, २३ ऑक्टोबर २०२४

माझ्या यारिंकाला,

तू आणि झ्लाता बऱ्या असाल, असं धरून चालतो. मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण तो युद्धाआधीही दुखायचा, तेव्हा त्याचा दोष कुणावर टाकता येत नाही.

पत्र बसवाल्याबरोबर पाठवतोय. पिशवीत वाळवलेल्या नाशपाती आहेत, झ्लातासाठी लोकरीचे मोजे आणि मधाची बरणी. झाकण कापडाने बांधलंय, तरी पिशवी उभीच धर. बसवाल्याला मी तीनदा बजावलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, तुम्हीच बसा ना मधाशेजारी, पोलंडपर्यंत." झ्लाताचा खोकला गेला का? तू फोनवर "ठीक आहे" म्हणालीस, पण तुझ्या "ठीक आहे"वर माझा भरवसा नाही. लहानपणी एकोणचाळीस अंश ताप असला तरी तू ठीकच असायचीस.

फोनवर आपण दोघं हवामानाबद्दल बोलतो आणि मग आवाज तुटतोय असं म्हणून मी फोन ठेवतो. दर वेळी आवाज तुटत नसतो. सात यत्ता शिकलेल्या माणसाला पत्र जड जातं, पण कागदावर आवाज तुटतोय असं म्हणता येत नाही. म्हणून लिहितोय.

गावातली बातमी अशी. वसंतात आपलं बॉयलरघर जळालं ते तुला माहीत आहे. त्याबरोबर तिथलं गरम पाणी गावभर फिरवून खोल्या उबदार ठेवणाऱ्या नळांचे नकाशेही जळाले. उन्हाळ्यात परदेशातून मदतनिधी मंजूर झाला: नवा बॉयलर, पाण्याच्या पंपाला जनरेटर, आणि नळांवर गुंडाळायला जाड आवरण, म्हणजे थंडीत ते फुटणार नाहीत. दवाखाना, शाळा आणि पाच मजली इमारती यांच्यासाठी. पण अट होती. नळांचा पूर्ण नकाशा द्यायचा, आणि पंचवीस ऑक्टोबरच्या आत नळांमध्ये पाण्याचा दाब भरून दाखवायचा. दाबमापकाची सुई सहावर आली की अर्धा तास हलता कामा नये. हलली, तर बॉयलर यादीतल्या पुढच्या गावाला जाणार.

पाणी-उष्णता खात्याची प्रमुख आता ल्युबोमिरा आहे, शिंपिणीची धाकटी. ती स्वतः घरी आली आणि म्हणाली, ओमेल्यानकाका, ज्यांनी हे नळ घातले त्यांपैकी तुम्ही एकटेच उरलात, नकाशा तुमच्या डोक्यात आहे. चार दिवस बसून मी सगळं काढलं. कुठे वळण, कुठे झडप, कुठे जुना सांधा. खाली सही केली. तिने माझ्यासाठी केक आणला होता. मला तो गिळवेना, आणि तिला वाटलं माझे दात दुखतायत.

मग चाचणी झाली. सुई सहावर गेली आणि खाली येऊ लागली. आपल्या गल्लीच्या बाजूलाच कुठेतरी पाणी मुरत होतं. सगळ्यांनी ह्नातला दोषी धरलं, कारण तिकडचे नवे सांधे त्याने जोडले होते. ह्नात तुझ्या वर्गातला, आठवतो ना? आघाडीवरून परत आला, एका कानाने ऐकू येत नाही. त्याने स्वतःचे सांधे तीनदा उकरले, तीनदा पुन्हा जोडले. लोक म्हणायला लागले, बहिऱ्याला काम दिलं आणि गाव गारठवलं. हे त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने म्हणाले.

मी घरात बसून होतो.

आता नीट वाच, आणि आधी मला शिव्या देऊ नकोस. तू सहा वर्षांची होतीस, तो हिवाळा तुला कदाचित आठवणार नाही. घरच्या चुलीला कोळसा मिळत नव्हता. तुझी छाती शिट्टीसारखी वाजायची. डॉक्टरीणबाईने सांगितलं, हिला उबदार खोली द्या, दुसरं औषध माझ्याकडे नाही. मोठा नळ आपल्या कुंपणामागून जातो. मी तेव्हा खात्यात नळजोडणी करत होतो. रविवारी लोक चर्चमध्ये असताना मी त्या नळातून एक फाटा काढला, नाशपातीच्या झाडाखालून तुझ्या खोलीपर्यंत. तुझ्या आईने वर बटाट्याचा वाफा केला. लोकांना सांगितलं की चूल नव्या पद्धतीने बांधली. आई गेली तरी मी तेच सांगत राहिलो. तीस वर्षं.

नकाशात मी तेवढी एक रेघ काढली नाही.

चोरीची लाज वाटली, हे खरं. पण सगळं खरं ते नाही. गेल्या दोन हिवाळ्यांत दर फोनला मी तुला काय सांगत होतो? तुझी खोली गरम आहे. तू काही बोलायची नाहीस, पण फोनही ठेवायची नाहीस. खोली गरम आहे तोवर तू फक्त बाहेरगावी गेली आहेस, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या चाचणीनंतर मी गुपचूप तळघरातली फाट्याची झडप बंद करून पाहिली. वाटलं, कुणाला न कळता भागेल. दुसऱ्या चाचणीतही सुई उतरली. म्हणजे फाटा झडपेच्या अलीकडे, जमिनीत कुजला होता. पलीकडची मोत्रिया कुंपणावर हात ठेवून म्हणाली, "ओमेल्यान, महिनाभर पाऊस नाही, आणि माझं बदक तुझ्या नाशपातीखाली पोहायला येतं. तलावाची परवानगी काढलीस का?" मी म्हणालो, भांडी तिथे ओततो. ती म्हणाली, "एकट्याची भांडी एवढी?" आणि बदक काखेत घेऊन गेली.

परवा सकाळी मी खिडकीतून पाहिलं. ह्नात चौथ्यांदा तोच खड्डा खणत होता. मी कोट घातला आणि ल्युबोमिराकडे गेलो. तिथे ह्नातलाही बोलावलं. नकाशा मागितला आणि पेन्सिलीने रेघ काढली. बोटभर लांब.

ल्युबोमिराने विचारलं, "ही कुठे जाते?"

"माझ्या मुलीच्या खोलीत."

तिने नकाशा स्वतःकडे ओढला. मला वाटलं, आता पोलिसांना बोलावते. तेवढ्यात ह्नात हसायला लागला. म्हणाला, "म्हणून आम्ही सगळे अभ्यासाला यारिनाकडेच जमायचो होय! मला वाटायचं मला गणित आवडतं."

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, दुसऱ्या कानात सांगा काका, या कानाने ऐकू येत नाही. मी फिरून दुसऱ्या बाजूला गेलो आणि पुन्हा मागितली. खोड्याळ आहे, पहिल्यांदाच ऐकलं होतं त्याने. ल्युबोमिरा म्हणाली की निधी खासगी घरांसाठी नाही, पण ती अर्ज लिहून बघेल, फाटा कायदेशीर करता येईल का. मी नको म्हणालो, अर्जाच्या नादात पंचवीस तारीख निघून जाईल. दवाखान्यात या आठवड्यात दोन बाळंतपणं आहेत. फाटा कापायला मीच फावडं घेऊन उभा राहिलो. बटाट्याच्या वाफ्यापर्यंत खणून झालं तेव्हा ह्नातने फावडं माझ्या हातातून काढून घेतलं.

काल सुई अर्धा तास सहावर उभी राहिली. ल्युबोमिरा रडली आणि मग सगळ्यांना कामाला लावलं. सोमवारी बॉयलर पेटवणार आहेत.

तर बातमी ही, की तुझी खोली थंड आहे. या हिवाळ्यात येऊ नकोस. झ्लाताला जिथे ऊब आहे तिथेच ठेव. "तुझी खोली गरम आहे" असं म्हणून मी पुन्हा तुला ओढणार नाही. तुझा पलंग मात्र माझ्या चुलीजवळ आणून ठेवलाय, गादी उन्हात घातली होती. तो तिथेच राहील.

अजून एक. तू निघालीस तेव्हा तू आणि झ्लाता पिशव्यांवर बसलात, प्रवासाआधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं म्हणून. मी बसलो नाही. झडप बघून येतो म्हणून तळघरात गेलो, आणि तू उठून गेलीस. झडपेला काही झालं नव्हतं. मी बसलो असतो तर तू खरंच जाणार, असं मला वाटलं.

बसवाला दहा वाजता निघतो. पिशवी दाराशी ठेवली आहे. पत्र पाकिटात घालून मी तुझ्या पलंगावर थोडा वेळ बसेन, काही न बोलता. तेवढं राहिलं होतं. मग नेऊन देईन.

तुला जाऊ देणारा,
बाबा