जोयानाच्या भरड्यातलं हाड

थोरल्या जाऊबाई लुक्रेत्सिया यांना,

साविनाचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? आम्ही धडधाकट आहोत, माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही. का ते लिहिते.

इग्नाटच्या सणाचं डुक्कर कापून आठवडा झाला नसेल, तर चारा तपासणारा एक साहेब आला. पांढरे हातमोजे घालून (आमच्या गावात लग्नालासुद्धा कुणी घालत नाही). गायींचा मक्याचा भरडा पिशवीत भरला, सील लावलं, माझी सही मागितली. मला सहीला वेळ लागतो, तर म्हणे सावकाश करा मावशी. दहा वर्षांनी मोठी असेन फार तर, मावशी कुठली? गेल्या सोमवारी कागद आला: भरड्यात हाडाचे कण सापडले, तेही डुकराच्या हाडाचे. गायीला हाडमांस घालायला बंदी आहे, त्यानं मेंदूचा रोग होतो, हे आता मला कागदानं शिकवायचं. माझी जोयाना गाय शिळा पाव दिला तरी हुंगून मान फिरवते. ती हाडं खाणार?

तशीच बसनं कचेरीत गेले. तिघांनी तीन खोल्या दाखवल्या, शेवटी भेटला तो हातमोजेवालाच. त्याला म्हटलं, इग्नाटला अख्खं गाव अंगणात डुक्कर कापतं, वारा काय तुम्हाला विचारून वाहतो? तो म्हणाला, "मावशी, इतके कण वाऱ्यानं येत नाहीत. हे दळलेले आहेत." मग सांगितलं ते ऐका. जाणूनबुजून घातलं असेल, तर जोयाना आणि तिची कालवड दोघींना मारून जाळणार. कुणा अजाण माणसाकडून चुकून मिसळलं असेल, तर भरडा जाळायचा, चक्की धुवायची, सुटलो. तोवर दुधाचा टँकर दारावरून न थांबता जातो, मी दूध खड्ड्यात ओतते आणि त्या साहेबाच्या नावानं बोटं मोडते. आमचे हे म्हणतात, ओरडू नकोस. गप्प बसून कुणाची गाय वाचलीय?

तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला समजेल.

तुमची धाकटी जाऊ,
साविना

ता. क. इग्नाटला तुम्ही चार दिवस इथे होतात, हे साहेबाला सांगितलंय. कोंबड्या अंडी देईनात म्हणून त्यांना खायला घालायला तुम्ही हौसेनं गायींच्या चक्कीत हाडं दळलीत, असंही सांगितलंय. शहरातल्या बाईला काय कळतं म्हटल्यावर त्याला लगेच पटलं. बुधवारी तो तुमच्याकडे येईल. हो म्हणा. तुमच्याकडे कुठे गायी आहेत?

आणखी एक. हाडं मीच दळली हे तुम्हाला आठवत असेलच, कारण तुम्ही नको म्हणत होतात. तेवढं त्याला सांगू नका.