सुकलेलं मूळ

प्रिय कीर्ती,

हे फोनवर बोलता येत नाही. आई पलीकडेच पडलेली असते आणि तिचे कान अजून तिखट आहेत, म्हणून लिहितोय.

हळदीचा हंगाम सरत आला. सांगलीच्या वखारीतून घरी येतो तेव्हा हात पिवळे आणि अंग मोडून आलेलं. मंदिरात जातो, पण जप करता करता डोळा लागतो. साताऱ्याची मावशी येऊन राहिली आहे, म्हणून दिवस मावळायच्या आत आम्हा दोघांच्या पोटात काही जातं.

आईच्या कॅन्सरच्या गाठीला आता औषध लागू पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तू मला समजावलं होतंस, की विहिरीवर मोटार लावून पाणी उपसावं तशा त्या पेशी औषध बाहेर फेकतात. चिनी वैद्यकातल्या एका मुळाचा अर्क घालून तुम्ही प्रयोगशाळेत ती मोटार बंद पाडताय. तेही अजून फक्त काचेच्या बशीत. मला हे कळलं. आईला फक्त मूळ कळलं.

तिनं फोन घेऊन विचारलं होतं, "ओलं का सुकलेलं गं?" आपल्या जैनांत ओली हळद, ओलं आलं चालत नाही, सुंठ, हळकुंड चालतं. तू हसून म्हणालीस, "सुकलेलंच असतं आई, तुला चालंल." तू सहज बोललीस. तिला वाटलं, औषध निघालंच.

तेव्हापासून दारात गाडी थांबली की ती मान उचलून बघते. मावशी चेष्टेनं म्हणाली, "आक्का, चीनचा माल टिकत न्हाई बघ." तर म्हणते, "माझ्या लेकीनं केलंय, दुकानातनं न्हाई आणलं."

डॉक्टरांनी दुसरं औषध सुचवलंय. गुण येईलच असं नाही, पण उशीर नको म्हणाले. ही तयार नाही. "आवं, कीर्तीचं येऊ दे की आधी." ते अजून माणसाला देत नाहीत, हे मी सांगून पाहिलं. "तुमाला लेकीची विद्या कळत न्हाई," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तुझं काम लहान नाही, पोरी. कधीतरी कुणाच्या आईला त्याचा उपयोग व्हावा, एवढं मी रोज मागतो. पण आपल्या आईला ते मिळणार नाही, हे तिला तुझ्याच तोंडून कळायला हवं. माझ्याच्यानं होत नाही. तू ये, तिच्याजवळ बसून तेवढं सांग. मग आपण दोघं तिला दवाखान्यात नेऊ.

तुझाच,
अण्णा