चुलीवर टांगलेलं मांस

प्रिय कानेगीदादा,

तू अजून रागावलेला आहेस, ठाऊक आहे मला. तू मारून आणलेलं रानडुक्कर, आपल्या रीतीप्रमाणे स्वतः एक घासही न खाता आमच्यापुढे ठेवलंस, आणि सासूबाईंनी अर्ध्याला मीठ चोळून ते चुलीच्या वर टांगलं, पुढच्या महिन्यासाठी! "साठवणाऱ्यांच्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही," म्हणून तरातरा निघालास. सहा महिने झाले. मी तेव्हा तुला अडवलं नाही, त्याची अजून लाज वाटते.

पण खरं सांगू? मी इथे सुखात आहे रे. एलिहियो नवरा म्हणून गुणाचा आहे, शेत बरं पिकतं. पहिल्या वर्षी मात्र मी काय दिवे लावले, ऐक. आढ्याला मक्याची कणसं टांगलेली दिसली. असेल ते सगळ्यांचं, ही आपली रानातली सवय. दिली सगळी शेजारपाजाऱ्यांना भाजून! मेले मिटक्या मारत खाऊन गेले, एकानेही सांगितलं नाही की ते पेरणीचं बी आहे. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, "अगं बये, पुढचं वर्ष खाऊन बसलीस की!" आता रानात पुढचं वर्ष कोणी पाहिलं होतं? आणलेलं संध्याकाळपर्यंत संपायचं, आणि कोणी कोणाचा मालक नसायचा. इथे बांध आहेत, बांधावरून भांडणं आहेत, आणि ज्याची कणगी मोठी तो गावात शहाणा. आधी मला हसू यायचं. हल्ली शेजारणीची कोंबडी माझ्या वाफ्यात शिरली, की मीच तावातावाने भांडते!

सासूबाईही वाईट नाहीत. एका दुष्काळात त्यांची धाकटी बहीण भुकेने गेली. तेव्हापासून त्या टांगतात.

आता पत्राचं कारण. मला सहावा महिना लागलाय. आपल्यात पोटुशी बाई ज्या जनावराचं मांस खाते, त्या जनावराचंच नाव बाळाला मिळतं, आणि ते मारून आणणारा बाळाचा जन्मभराचा पाठीराखा होतो. कणगी गच्च भरलीये, पण मक्यावरून माणसाचं नाव कसं ठेवू? एलिहियोला तर धड उंदीर मारता येत नाही! काल सासूबाईच म्हणाल्या, "भावाला बोलाव तुझ्या. तो मांस जसं वाटून देईल तसंच होईल, मी टांगायला हात लावणार नाही." दादा, माझं बाळ बिननावाचं जन्माला येऊ देऊ नकोस.

तुझीच वाट बघणारी,
पिकूगी