वरच्या झऱ्याचं पाणी

१२ जून
पोचले एकदाची! पाटणहून निम्मा घाट जीपने, पुढे चढण पायी. सामानात कपडे कमी आणि आईने कुंडलहून लादलेल्या पाण्याच्या बाटल्याच जास्त. मला कावीळ झाल्यापासून तिचा हा हट्ट. जीपवाला म्हणाला, टँकरच आणायचा हुता की.

काम सोपं आहे. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही, एकदम कोसळतो आणि डोंगर सुटतो. पर्जन्यमापकातलं पाणी लाल रेघेला लागलं की मी हाताने फिरवायचा भोंगा वाजवायचा आणि वाडीने पायथ्याच्या शेडमध्ये उतरायचं. भोंगा माझ्याच खोलीत आहे. घरमालकीण हरणाकाकींनी दारातच झऱ्याच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. मी बाटली दाखवली. त्या हसल्या, आज न्हाई तर उद्या पिशील म्हणाल्या.

१६ जून
देवळामागची जमिनीला पडलेली भेग पाहिली. आत डोकावले आणि दोन पावलं मागे सरले. काकी मात्र तिच्या काठावर पाय सोडून भाजी निवडत होत्या. गेल्या साली दरडीखाली मागचं घर गेलं, त्यात त्यांचा मुलगा आणि सून गेली. दूध उतू गेल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. रडू आलं न्हाई म्हणाल्या. भोंग्याचं सांगायला घरोघर फिरले. सगळे गोड हसतात. बघू की, घाई कशाला?

घाबरते ती एकटी दीपमाला. आमच्याच बाजूची, पलूसकडची मुलगी, दिवस भरत आलेत. ती पागोळ्यांचं पाणी धरून तेच पिते. लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर झऱ्याचं प्यायली आणि पहिल्या तांब्यापासूनच तिला आईची आठवणसुद्धा येईना. सोडलं तशी दोन दिवस रडली. घरचे हलायचे न्हाईत, ताई, भोंगा वाजवा आन् मला धरून खाली न्या, एकटीला उतार झेपायचा न्हाई, असं म्हणाली. मी तिचा हात धरून शब्द दिला. पाण्याची गोष्ट मात्र मनावर घेतली नाही.

२५ जून
बाटल्या संपल्या. झऱ्याचं पाणी उकळून प्यायले. काय गोड आहे! झोपही छान लागते.

आईचा फोन आला. बाबांच्या ऑपरेशनचं विचारलं नाहीस म्हणून ती रडत होती. मी विसरले नव्हते. विचारावंसं वाटलं नाही.

३ जुलै
पायाच्या अंगठ्याचं नख निघालं. जमिनीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. काकींनी पाहिलं आणि मान डोलावली.

भेगेत आता माणूस मावेल. मी काकींशेजारी पाय सोडून बसले, भाजी निवडली. मागे सरावंसं वाटलं नाही. याची भीती वाटायला हवी, एवढं कळतं.

९ जुलै
पाऊस थांबत नाही. पाणी रेघेच्या जरासं खाली. विसरू नये म्हणून भिंतीवर कोळशाने लिहिलं — भोंगा वाजव. वाचते. दुसऱ्या कुणाला तरी लिहिलेलं वाटतं.

झऱ्याचं पिऊ नये, हे कळतं. तांब्या भरलेला असतो.

१० जुलै, सकाळ
पाणी रेघेच्या वर. वाजवायचा आहे. चहा झाल्यावर —

दुपार
दीपमाला आली. चिंब भिजलेली, पोट धरून. ओरडत होती — ताई, शब्द दिला हुता. भोंग्याची मूठ तिला फिरेना. मला हलवलं, माझ्या पायाशी बसली. रडून रडून तिचा घसा कोरडा पडला. मी तांब्या दिला. तिने न बघता रिकामा केला.

नंतर
आता शेजारी बसली आहे. शांत. वाजवू का, विचारलं. बघू की, घाई कशाला, म्हणाली.

भेग वाढत आमच्या उंबऱ्याच्या आत. चुलीमागची भिंत — माती येते आहे. काकी भाजी आवरताहेत.

तिच्या पोटातलं बाळ तेवढं लाथा मारतंय. पदर सारखा हलतोय. तिला सांगावं, की ते घाबरलंय —