इद्दतीतला अंगठा

परंडा, ४ नोव्हेंबर १९६३

ती. रसूलभाईंस शरिफाचा सलाम. वि. वि. आज न्हाय, आज जाब विचारायचाय.

तुमच्या बँकेनं अम्मीला लुटायला काढलंय. अब्बांच्या मागं तिच्या खात्यावर जे पडलं, त्यातून महिन्याला सात रुपये कसल्याशा ‘कल्याण फंडा’ला कापतात. इथल्या शाखेतला ईरण्णा कारकून म्हणतो, तिनंच अंगठा दिलाय. अम्मीला ठाऊकसुद्धा न्हाय! मोतीबिंदू काढायला ठेवलेले पैसे हे. उन्हाळ्याच्या आत न्हाय काढला तर दिसायचं बंद होईल, असं डॉक्टरानं बजावलंय. तुम्ही तिथं बसून काय माशा मारता का?

तुमची बहीण,
शरिफा

उस्मानाबाद, ११ नोव्हेंबर १९६३

चि. शरिफास अ. उ. आ.

तुझे उद्धट पत्र पोचले. सातवी पास झालीस म्हणून मला बँक शिकवू नकोस. अम्मीने अंगठा दिला असेल आणि विसरली असेल. वय झाले तिचे. ईरण्णाशी हुज्जत घालू नकोस. मी अजून कायम झालेलो नाही, माझ्या पोटावर पाय येईल.

लोभ आहे, तो तुटेल असे वागू नये.

रसूल

परंडा, २ डिसेंबर १९६३

रसूलभाईंस सलाम.

ईरण्णाच्या उरावर बसून फॉर्म काढायला लावला. त्यावर लिहिलंय, की सकिनाबी १२ मार्चला बँकेत हजर होत्या, समक्ष अंगठा घेतला. मार्चात! अब्बा जानेवारीत गेले. चार महिने दहा दिवस अम्मी इद्दतीत होती. उंबऱ्याबाहेर पाऊल न्हाय, परक्या पुरुषासमोर येणं न्हाय. लिहिणाऱ्याची अक्कल गुडघ्यात.

मग अंगठा घेतला कुणी? अम्मीलाच विचारलं. त्या दिवसांत तिच्याजवळ कागद घेऊन एकच माणूस बसला, तिचा पोटचा लेक. अब्बांचे पैसे तिच्या नावावर करायचेत म्हणून तुम्ही दोन कागदांवर अंगठे घेतले. फंडाला पंचवीस खाती जोडील त्याला कायम करणार होते, हे ईरण्णानं कबूल केलंय. लाज कशी वाटली न्हाय हो तुम्हाला?

काल सहकार खात्याचे साहेब तहसीलीत आले होते. त्यांच्यापुढं अम्मीला तक्रारीचा अर्ज वाचून दाखवला. तुमचं नाव आलं तशी तिनं मला थांबवलं. एवढं नाव खोडलं तर चालंल का, असं साहेबांना विचारलं. ते न्हाय म्हणाले. मग तिनं चाचपत शाई शोधली आणि अंगठा दाबला.

घरी आल्यावर म्हणाली, रसूलची नोकरी गेली तर त्याला इकडंच यायला लिही. तिनं सांगितलं म्हणून लिहिलं. माझं विचाराल तर येऊ नका.

लोभ अम्मीचा हाय, माझा संपला.

शरिफा