थांबवणाऱ्या पेशी

बाबा,

काल माय राजूरला परत गेली. यवतमाळच्या स्टँडवर तिला वणीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळवून दिली आणि घरी येऊन तुमच्याशी बोलायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा साधा बोलतानाचा आवाज मला आता आठवत नाही, रागावतानाचा तेवढा आठवतो. खाणीच्या लॅम्प रूममध्ये तुम्ही कामाला होतात. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा तपासून द्यायचा आणि तो वर आला की परत घ्यायचा, हे तुमचं काम. शाळेच्या सुट्टीचा एक दिवस, मी तुमचा डबा घेऊन आलेय आणि चार्जिंगला लावलेल्या रांगेतला एक दिवा ओढून पाहतेय. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता, "हात नको लावू म्हटलं नं! एक दिवा कच्चा राह्यला तं खाली मानूस आंधळा होते." मी रडत घरी गेले. पुढच्या बाजाराला वणीहून तुम्ही माझ्यासाठी मानवी शरीराचा तक्ता आणलात आणि स्वयंपाकघरात चुलीसमोर लावलात, कारण घरात रिकामी भिंत तेवढीच होती. माय भाकरी थापायची आणि मी तिला फुप्फुस, जठर, यकृत असं वाचून दाखवायची.

मी नववीत असताना तुम्हाला कावीळ झाली. मी तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं, "बाबा, तुमचं हे बिघडलं." तुम्ही अंथरुणावरून हसलात, "मंग कर दुरुस्त." ताप उतरला तेव्हा सगळ्यांना वाटलं, निभावलं. पण डोळे आणखीच पिवळे होत गेले, तुम्ही आम्हाला ओळखेनासे झालात आणि वणीच्या दवाखान्यातून घरी आलाच नाहीत. पुढं मी शिकत गेले. यकृतात शिरलेल्या विषाणूशी शरीराच्या टी पेशी कशा लढतात आणि लढाई कुठं थांबवतात, यावर पुण्यात संशोधन केलं. आता इथल्याच कॉलेजात तेच शिकवते. हाच विषय का घेतला, असं कोणी विचारलं की मी म्हणते, आवड.

गेल्या महिन्यात माझ्या पोरीला, तुमच्या नातीला, कावीळ झाली. आधी ताप, उलट्या. मग ताप गेला आणि डोळे पिवळे झाले. रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडला, दूषित पाण्यातून येणारा, नेहमीचा. यकृताचे आकडे रोज चढत होते. यातून बहुतेक सगळे आपोआप बरे होतात हे मी दरवर्षी वर्गात सांगते. पण दवाखान्यात तिच्या पलंगाशी बसलेली मी ती वर्गातली बाई नव्हते. ताप गेलाय, पिवळेपणा वाढतोय, हे मी एकदा पाहिलेलं होतं. माझं सगळं लक्ष एकाच तपासणीकडं होतं, रक्त वेळेत गोठतंय की नाही. ते बिघडलं तर यकृत हातचं जातंय असं समजायचं.

दुपारी माय राजूरहून आली. घरी जाऊन तिनं मऊ खिचडी करून आणली, हात धुतले, वाटी भरली आणि माझ्यापुढं धरली. "तू दे तिले." मी म्हटलं, "तूच भरव नं, ती तुह्याच हातचं मागून राह्यली." माय मागं सरकली. "माह्या हातानं नको." का, ते सांगेना. मी फारच मागं लागले तेव्हा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तुह्या बाबाचा ताप उतरला होता. म्हने, तोंडाले चव नाही, आज झनझनीत कर काही. म्या वांग्याचा रस्सा केला, तर्रीचा. माह्या हातानं भरवला. दुसऱ्या दिवसापासून त्यायले काही समजेच ना. तुह्या माघारी सारं घर म्हने, रश्श्यानं घात केला."

बाबा, मला हे ठाऊकच नव्हतं. ज्या प्रश्नावर मी पुण्यात इतकी वर्षं घालवली, त्याचं एक वेगळंच उत्तर माय राजूरला एकटी उराशी धरून बसली होती.

मी तिला बाकावर बसवलं. म्हटलं, "माय, ऐक. हा विषाणू यकृताच्या पेशीत लपून बसते. तो सोता फार नासधूस करत नाही. त्याले हुडकनाऱ्या टी पेशी आपल्याच रक्तात असतात. त्या विषाणू लपलेली पेशीच मारून टाकतात. डोळे पिवळे होतात ते त्या मारानं."

"म्हंजे आपलंच आपल्याले मारते?"

"मारते, अन् थांबवतेही. लढनाऱ्या पेशींवरच ब्रेक असतात. वरून त्यायले आवरनाऱ्या पेशी वेगळ्या असतात. विषाणू संपत आला की त्या म्हनतात, बस झालं. म्हनून तं मानूस वाचते."

मायनं विचारलं, "तुह्या बाबाच्या अंगात आवरनाऱ्या नव्हत्या?"

"होत्या. पन कोनाकोनाच्या अंगात मार इतका जोराचा होते, त्या पुऱ्या पडत नाहीत. काहून, ते आमालेही अजून नीट समजलं नाही."

"अन् रस्सा?"

"रश्श्याचा काही संबंध नाही."

"नक्की?"

"नक्की, माय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग इतके वर्ष मले कोनी सांगतलं काहून नाही?" पलंगावरून तुमची नात म्हणाली, "आजी, खिचडी थंडी होऊन राह्यली." माय उठली. पहिला घास अर्धा चादरीवर सांडला. दुसरा नीट गेला.

रक्त नीट गोठत होतं. पुढं आकडे उतरत गेले. घरी आल्यावर पोरगी पहिल्यासारखी चिडचिड करायला लागली आणि माझ्या जिवात जीव आला. माय रोज काहीतरी विचारायची. एकदा लसूण सोलताना म्हणाली, "लढाई संपली, आता त्या लढनाऱ्या कुठी गेल्या?" मी सांगितलं, बहुतेक मरून जातात, थोड्या या विषाणूची ओळख धरून राहतात, म्हणून ही कावीळ पोरीला पुन्हा होणार नाही. मायला ते फार आवडलं. शेजारणीला तिनं ते माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं.

हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, आणि मायलाही वाचून दाखवणार नाही. कारण तुमच्या रक्तात कोणता विषाणू होता, होता तरी का, हे त्या काळी कोणी तपासलंच नाही. रस्सा निर्दोष होता, एवढं मी शपथेवर सांगेन. पण तुमच्या अंगातल्या पेशींबद्दल मी तिला जे सांगितलं तो माझा अंदाज आहे, बाबा. वर्गात कोणी अंदाजाला 'नक्की' म्हटलं तर मी त्याला उभं करते. पण मायनं तुमच्या पेशींबद्दल पुन्हा विचारलं, तर मी तिला 'नक्की' असंच म्हणेन.