सगळं शांत आहे

दि. ४ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. नमस्कार जरा अवघडून घालते आहे, कारण दिवसभर ड्रिल धरून खांदा भरून आला आहे.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूलही करत नाही, म्हणून कागदावर लिहिते. पुढच्या दारावर कॅमेरा आहे. दारं-खिडक्यांना सेन्सर आहेत, शिवाय झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये हालचाल टिपणारा एक. दार उघडं राहिलं तर भोंगा वाजेल. तो तुम्हांलाही ऐकू येईल, याची खात्री मी दुकानातच करून घेतली.

आयुष्यभर लोकांची कुलपं दुरुस्त केलीत आणि स्वतः दोनदा दार सताड उघडं टाकून झोपलात. दादा म्हणतो, आता काही झालं तर बाबांना सरळ माझ्याकडे आणणार. तुम्हांला हे घर सोडायचं नाही, मला ठाऊक आहे. म्हणून एवढा खटाटोप. आता दर तासाला माझ्या फोनवर निरोप येतो, ‘सगळं शांत आहे’, आणि मी निवांत असते.

लोभ असावा, दार लावलेलं असावं.

तुमची,
खुडबुडी

दि. १९ मार्च

चि. खुडबुडीस,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक खांद्यासाठी वेगळा.

तुझा कॅमेरा डोळ्यांत तेल घालून पाहतो. दूधवाला हल्ली भांग पाडून येतो. बाकी एक किरकोळ गोष्ट. मंगळवारी स्वयंपाकघरात स्टुलावरून पडलो. वरच्या फळीवरचा डबा हवा होता. पाय मुरगळला, उठता येईना. सकाळी सातला पडलो, अकरापर्यंत फरशीवरच होतो. शेजारच्या शिंपीणबाई पेपर परत करायला आल्या, मी दार उघडीना, तेव्हा मागच्या दाराने आत आल्या. हाड शाबूत आहे, डॉक्टरांनी पट्टी बांधली आहे.

दादाला कळवू नकोस. तो प्रेमानेच बोलतो, पण त्याच्याकडे मला पाहुण्यासारखं बसावं लागतं.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझा,
बाबा

दि. २३ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

चार तास तुम्ही फरशीवर होतात आणि माझा फोन दर तासाला सांगत होता, सगळं शांत आहे. त्याच वेळी एका गिऱ्हाइकाला मी तो निरोप कौतुकाने दाखवत होते. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. घरात कोण शिरलं हे ओळखायला मी यंत्राला शिकवलं. घरातलं माणूस उठलंच नाही तर काय करायचं, हे शिकवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं लोकांच्या घरी हेच बसवायचं काम करते आहे, बाबा.

दादाला मी सांगितलं. रागवा हवं तर. महिनाअखेर न्यायला येतो म्हणाला. खूप वाद घातला तेव्हा कुठे तीन महिन्यांची मुदत मिळाली. रविवारी येऊन सेटिंग बदलते. सकाळी साडेसातपर्यंत पॅसेजमध्ये तुमची हालचाल दिसली नाही, किंवा नंतर दिवसा सलग दोन तास दिसली नाही, तर माझ्याकडे आणि शिंपीणबाईंकडे घंटा वाजेल. या तीन महिन्यांत पुन्हा काही झालं, तर माझ्याकडे बोलायला तोंड उरणार नाही.

स्टूल मी घेऊन जाणार आहे. राग आला तरी लोभ तेवढाच ठेवा.

तुमची,
खुडबुडी

दि. १४ मे

चि. खुडबुडीस,

आशीर्वाद देतो, पण आज जरा खाली मान घालून.

परवा बुधवारी मला झोप लागून राहिली, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. पहाटेच उठलो आणि पॅसेजमधल्या तुझ्या डोळ्यावर माझी टोपी अडकवली. शिंपीणबाई लेकीकडे गेलेल्या आहेत हे पाहूनच हा उद्योग केला. पेपर आत घेतला, दाढी केली आणि पुन्हा पांघरूण ओढून पडून राहिलो. आठला तू दारात. काही न विचारता चहा टाकलास, दिवसभर राहिलीस, पत्त्यांत मला तीनदा हरवलंस. फार बरं वाटलं, आणि रात्री स्वतःची लाज वाटली. दोन तासांची गाडी तू जीव मुठीत धरून चालवली असशील.

दादाला खरं काय ते सांग. त्यापायी मला जावं लागलं तर जाईन, कुरकुर करणार नाही. तुझी आठवण येत होती, एवढंच त्यामागे होतं.

चुकलेल्या बापावर लोभ ठेव.

बाबा

दि. १८ मे

ती. बाबांस,

सा. न. वि. वि., आणि मान वर करा आधी.

सेन्सर झाकणं हे चोरांचं पहिलं काम, त्यामुळे तो झाकला की लगेच आम्हांला कळतं. पावणेसहाला मला निरोप आला. कॅमेऱ्यात पाहिलं तर तुम्ही टोपीशिवाय पेपर उचलत होतात, तब्येत ठणठणीत. घंटा वाजायची मी वाट पाहिली असती, तर साडेनऊच्या आधी पोचले नसते. मी आठलाच कशी पोचले, हे तुमच्या लक्षातच आलं नाही.

गाडी मी सावकाश चालवली. दोन गिऱ्हाइकांना कळवलं की आज जमणार नाही, बाबांकडे जाते आहे. हे वाक्य कितीतरी वर्षांत मी बोलले नव्हते, बाबा. तुमच्याकडे मी दर वेळी काहीतरी बसवायला किंवा दुरुस्त करायलाच आले.

दादाला खरं तेच सांगितलं. मग त्याने विचारलं, टोपी अडकवली की त्याच्याही फोनवर निरोप जाईल, अशी सोय होते का.

मी करून टाकली आहे.

तुमची,
खुडबुडी